रात्रीची बोट: हेलसिंकीची आणि मालवणची

कोपनहेगन, ऑस्लो, स्टॉकहोम, हेलसिंकी, टालिन. दहा दिवस, पाच शहरं. गेले दोन विकांत या एक्सेल शीटवर गेलेत. ऑफिसातला एक मित्र दोन वर्षं स्टॉकहोमला ऑनसाईट होता, त्याने सांगितलेला मंत्र एकच: जमेल तिथे रात्रीची बोट पकड. कोपनहेगनला दुपारी बसा, सकाळी ऑस्लो. स्टॉकहोमला संध्याकाळी बसा, सकाळी हेलसिंकी. प्रवास झोपेत होतो आणि त्या रात्रीचं हॉटेलभाडं वाचतं. पुणेकराला पटायला आणखी काय लागतं! (हेलसिंकी ते टालिन दोनच तासांचं पाणी आहे, तिथे रात्र घालवायची गरज नाही.)

हे सगळं आजीला फोनवर कौतुकाने सांगत होतो, तर ती म्हणाली, "त्यात काय एवढं? आम्हीसुद्धा मालवणला बोटीनेच जायचो की रात्रभर."

खरंच की. मुंबईहून सकाळी निघालेली आगबोट दुसऱ्या दिवशी पणजीला लागायची. वाटेत हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला. म्हणजे 'मल्टि-सिटी' प्रवासच, फक्त मधे म्युझियमं नव्हती. आधी शेफर्ड कंपनी आणि बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन, मग स्वदेशीच्या वाऱ्यात निघालेली इंडियन को-ऑपरेटिव्ह, जिला लोक 'माझी आगबोट कंपनी' म्हणत. या कंपनीच्या बोटींची नावं 'तुकाराम', 'रामदास' अशी. स्वातंत्र्यानंतर चौगुले, मग सरकारी मोगल लाइन, आणि 'कोंकण सेवक', 'कोंकण शक्ती' या बोटी.

केबिन परवडणारे थोडेच. बाकी सगळा चाकरमानी डेकवर: चढल्याबरोबर वळकटी पसरून जागा धरायची, ट्रंक उशाला, फणस-आंबे पायाशी. बहुतेक बंदरांत बोट धक्क्याला लागतच नसे. ती खोल पाण्यात उभी राहायची आणि किनाऱ्यावरून पडाव माणसं घेऊन यायचे. मध्यरात्री, कंदिलाच्या उजेडात, हलत्या पडावातून हलत्या बोटीवर पाय टाकायचा, कडेवर मूल असलं तरी. 'बोट लागली' या शब्दांचे आपल्याकडे दोन अर्थ आहेत, एक बंदरातला आणि दुसरा पोटातला. आजीच्या आठवणीत दुसराच जास्त आहे.

मग प्रश्न असा, की त्यांची रात्रीची बोट अजून चालते आणि आपली का गेली?

पहिलं उत्तर सगळेच देतात: रस्ते झाले, एसटी आली, शेवटी रेल्वे आली. पण रस्ते, रेल्वे आणि विमानं त्यांच्याकडेही आहेतच. दुसरं उत्तर अपघाताचं. १७ जुलै १९४७ ला सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' तासाभरातच उलटली, सहाशेहून जास्त माणसं गेली. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. कोकणातल्या कितीतरी घरांत तो दिवस अजून निघतो. पण कोकणची बोट त्यानंतरही कित्येक दशकं चालली. आणि तिकडे २८ सप्टेंबर १९९४ च्या रात्री टालिनहून स्टॉकहोमला जाणारी 'एस्टोनिया' वादळात बुडाली, ८५२ माणसं गेली. ती तर रात्रीचीच बोट होती, तरी त्या मार्गावर आजही रात्रीची बोट आहे. तेव्हा अपघाताने सेवा मरते असं काही दिसत नाही.

माझं उत्तर पावसाळ्यात आहे. आपली बोट जूनमध्ये बंद व्हायची ती पावसाळा सरल्यावरच सुरू. वर्षातले जवळपास चार महिने शून्य.

याची किंमत काय होती ते पाहायला कर्वे रोडवरून रोज जाणाऱ्यांनी अण्णांचीच गोष्ट आठवावी. धोंडो केशव कर्वे हर्णैजवळच्या मुरुडचे. १८७५ च्या सुमारास त्यांना सहावीच्या परीक्षेला बसायचं होतं. केंद्र मुंबई किंवा सातारा. एरवी मुंबई सोपी, समुद्रातून. पण हवा अशी बिघडलेली की बोट मिळेना. शेवटी हा सतरा वर्षांचा मुलगा सोबत्यांबरोबर सह्याद्री चढून साताऱ्याला पायी गेला, सुमारे ११० मैल, चार दिवसांत. तिथे परीक्षकांनी पाहिलं आणि वय कमी दिसतं म्हणून परत पाठवलं! ही गोष्ट शाळेत आपल्याला जिद्दीची म्हणून सांगतात. मला आता ती वाहतुकीची वाटते. समुद्र बंद झाला की मुरुडच्या माणसाकडे दुसरी वाट फक्त घाटाची होती, आणि ती स्वतःच्या पायांनी.

आमच्या धंद्यात एखादी सिस्टिम वर्षातले चार महिने बंद राहणार असेल, तर तिच्या जोडीला पूर्ण ताकदीची दुसरी सिस्टिम उभी करावीच लागते. आणि दुसरी बारमाही चालायला लागली की पहिली कशाला ठेवायची, हा प्रश्न कोणीतरी विचारतोच. कोकणच्या बोटीचं नेमकं हेच झालं. पावसासाठी रस्ता हवाच होता. खाड्यांवर पूल झाले, एसटी बारा महिने धावायला लागली, आणि मग उन्हाळ्यातसुद्धा लोक एसटीनेच जायला लागले.

आता तिकडे बघा. त्यांचा पावसाळा म्हणजे बर्फ. बाल्टिक हिवाळ्यात गोठतो आणि फिनलंडची बंदरं महिनोन् महिने बंद पडायची. फिनलंड तेव्हा रशियन साम्राज्यात होतं, गरीब होतं. पण १८७७ मध्ये, म्हणजे अण्णा साताऱ्याहून परतल्यावर दोनेक वर्षांत, 'एक्सप्रेस' नावाची बर्फाला टक्कर देणारी बोट हांको ते स्टॉकहोम भर हिवाळ्यात धावायला लागली. १८९० मध्ये सरकारने 'मुर्ताया' हे बर्फफोडं जहाज घेतलं. बर्फ फोडून वाट उघडी ठेवणं हे तिथे सरकारचं काम झालं, आजही आहे.

दुसरं म्हणजे पैसा. साठच्या दशकापासून या बोटी पोटात मोटारी घेऊ लागल्या आणि वर स्वस्त दारू विकू लागल्या. १९९९ मध्ये युरोपियन युनियनने आपसातली ड्यूटी-फ्री विक्री बंद केली, तर यांनी पळवाट काढली: मधल्या ऑलंड बेटांना करात वेगळा दर्जा आहे, म्हणून बोटी भर रात्री तिथे थोडा वेळ थांबतात आणि दुकान चालू राहतं. धन्य!! आपली बोट माणसं आणि फणस नेत होती, तेही डेकच्या तिकिटात. त्यातून काय सुटणार?

ऐंशीचं दशक संपेपर्यंत ती जुनी सेवा आटोपलीच होती. नव्वदच्या दशकात दमानियांनी मुंबई–गोवा वेगवान कॅटामरान काढून पाहिली, टिकली नाही. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली: रोहा ते ठोकूर ७४१ किलोमीटर, नव्वदच्या वर बोगदे. तिचा मला सर्वात आवडणारा भाग म्हणजे पावसाळी वेळापत्रक. पावसात गाड्या हळू धावतात, पण धावतात.

पुढे ऑक्टोबर २०१८ मध्ये 'आंग्रिया' आली. जपानमध्ये बांधलेली, मुंबईला संध्याकाळी बसा, सकाळी गोवा. एकदम स्टॉकहोमसारखं! पण ती क्रूझ होती, सहलीची गोष्ट. मोटार नेता येत नव्हती. २०२० मध्ये कोविड आला आणि ती थांबली ती थांबलीच.

त्याच मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो सुरू झाली. प्रवास तासाभराचा, म्हणजे रात्रीची बोट नव्हेच. पण ती पोटात मोटारी घेते, आणि शेजारच्या लहान लाँच पावसाळ्यात बंद असतात तेव्हाही चालते. त्यासाठी मांडव्याला लाटा अडवायला समुद्रात भिंत बांधावी लागली.