'बालकवी' या पदवीआडचा 'औदुंबर'

त्र्यंबक बापूजी ठोमरे (१८९०–१९१८) यांना १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात 'बालकवी' ही पदवी मिळाली. पुढे त्यांची निसर्गकविता बहुधा निरागस आनंदाची म्हणूनच वाचली गेली. 'औदुंबर'च्या आठ ओळी या वाचनाला अडवतात, असे आम्हांस वाटते. आरंभी 'ल-ळ'चा नाद झऱ्यासारखा वाहतो. मधल्या चार यमकांत 'ड-ढ'चे आघात येतात. रंग हिरव्या-निळ्यातून काळ्याकडे सरकतात. अखेरीस 'ळ' परततो, तो डोहाच्या पाण्यासारखा साचलेला. तिथल्या काळिम्याला कवी 'गोड' म्हणतो. ती विश्रांती की मृत्यूची ओढ, हे मात्र सांगत नाही. वर्गात ही संदिग्धता पुसून केवळ 'सुंदर निसर्गचित्र' शिकवले, तर आपण कविता नव्हे, पदवीच शिकवत असतो.