साहित्यिक एजंट : विचारणा, ऑफर व करार

लेखकाच्या वतीने प्रकाशकाशी व्यवहार करणारा आणि मिळकतीत वाटा घेणारा मध्यस्थ. प्रथा मुख्यतः इंग्लंड-अमेरिकेतली. 1875 च्या सुमारास लंडनमध्ये ए. पी. वॉट यांनी हा व्यवसाय सुरू केला, असे सामान्यतः मानतात. पहिला मान कोणाचा, यावर एकमत नाही. टॉमस हार्डी, किपलिंग ही वॉट यांच्याकडची ठळक नावे. शेकडा 10 हा दर त्यांच्यापासून रुळला. प्रकाशक विल्यम हाइनमान यांनी 1893 मध्ये या मध्यस्थांना जाहीरपणे बांडगूळ ठरवले, पण बांडगूळ काही हटले नाही. आता देशांतर्गत विक्रीवर 15 आणि अनुवादहक्कांवर बहुधा 20 टक्के कापले जातात.

विचारणा : नवोदित लेखक पत्र, सारांश आणि सुरुवातीची प्रकरणे पाठवतो. पूर्ण हस्तलिखित मागवले, तर एजंटाला उत्सुकता आहे एवढेच समजावे. ‘दुरुस्त करून पुन्हा पाठवा’ हीदेखील ऑफर नव्हे.

ऑफर : ती बहुधा फोनवर येते. इथवर एजंट लेखकाला पारखत असतो; आता पारखण्याची पाळी लेखकाची. फोनवरच होकार देऊन टाकण्याचा मोह होतोच, पण प्रघात एक-दोन आठवडे मागून घेण्याचा आहे. हस्तलिखित ज्या इतर एजंटांकडे पडून आहे, त्यांना त्या मुदतीत कळवायचे. महिनोन्‌महिने न हललेला कागद मग रातोरात वाचला जातो. पुस्तकात काय बदलायला सांगणार, कोणत्या संपादकांकडे पाठवणार, विकले गेले नाही तर पुढे काय, हे विचारण्यात संकोच नसावा. एजंटाच्या इतर लेखकांशीही बोलता येते.

क्वचित गंगा उलटी वाहते. ‘द गॉड ऑफ स्मॉल थिंग्ज’चे हस्तलिखित संपादक पंकज मिश्रा यांच्यामार्फत लंडनला पोचले, तेव्हा एजंट डेव्हिड गॉडविन विमानाने थेट दिल्लीत अरुंधती रॉय यांच्याकडे आले. 1997 मध्ये कादंबरीला बुकर मिळाले.

करार : सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत महत्त्वाचा भाग. करार एका पुस्तकाचा की पुढच्या सगळ्या लेखनाचा, हे आधी पाहावे. मोडायचा झाल्यास साधारणतः 30 ते 60 दिवसांची नोटीस असते; मात्र एजंटाने विकून दिलेल्या पुस्तकावरचे कमिशन त्यानंतरही त्याच्याकडेच जाते. प्रकाशकाचे पैसे आधी एजन्सीत जमा होतात. आगाऊ रक्कम 10,000 डॉलर ठरली, तर लेखकाच्या हाती 8,500 येतात, तेही हप्त्यांनी : सही, अंतिम संहिता, प्रकाशन.

एजंट बदलताना नेहमी नुसत्या नोटिशीवर भागत नाही. 1995 मध्ये कादंबरीकार मार्टिन एमिस यांनी आपल्या एजंट पॅट कॅव्हना यांना सोडून अँड्र्यू वायली यांना गाठले. कॅव्हना यांचे पती, कादंबरीकार ज्यूलियन बार्न्स यांच्याशी असलेली जुनी मैत्री त्यात तुटली.

वाचनशुल्क : अमेरिकन एजंटांच्या संघटनेच्या आचारसंहितेला अमान्य. मागणाऱ्यापासून दूर राहावे.

चित्रपटहक्क : बहुधा वेगळा सहएजंट पाहतो.

भारत : जयपूरची ‘सियाही’, दिल्लीची ‘रायटर्स साइड’ इत्यादी. काम मुख्यतः इंग्रजी पुस्तकांचे. मराठीत लेखक अजूनही हस्तलिखित घेऊन थेट प्रकाशकाकडे किंवा दिवाळी अंकाच्या संपादकाकडे जातो. मराठी प्रकाशकाची परदेशी एजंटाशी गाठ पडते ती बहुधा अनुवादहक्क विकत घेताना.