सुई, साखर आणि आईची मांडी

सुई टोचली की बाळ रडते, हे सांगायला डॉक्टर कशाला हवा? पण त्या रडण्याला ‘दुखणे’ म्हणावे की नाही, याविषयी विसाव्या शतकात वैद्यकशास्त्र बराच काळ साशंक होते.

न्यूयॉर्कमध्ये मर्टल मॅकग्रॉ या संशोधिकेने जन्मापासून चार वर्षांपर्यंतच्या ७५ मुलांना टाचणी टोचून त्यांच्या हालचाली टिपल्या. निष्कर्ष १९४१ साली प्रसिद्ध झाले. नवजात बाळाचा मेंदू कच्चा असतो, त्याचे अंग चोरणे ही केवळ प्रतिक्षिप्त क्रिया, असा अर्थ त्यातून काढला गेला. परिणामी १९८०च्या दशकापर्यंत कित्येक नवजात बाळांवर पुरेशा वेदनाशामकाविना शस्त्रक्रियासुद्धा झाल्या. तिथे सुईची काय कथा!

ही समजूत हलवण्यात मोठा वाटा होता डॉ. कंवलजीत सिंग आनंद यांचा. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकून ते ऑक्सफर्डला गेले. स्नायू शिथिल करणारे औषध दिलेले बाळ शस्त्रक्रियेच्या टेबलावर रडू शकत नाही. म्हणून त्यांनी त्याचे रक्त तपासले. प्रभावी वेदनाशामक मिळालेल्या, अपुऱ्या दिवसांच्या बाळांमध्ये ताणाची संप्रेरके कमी वाढतात आणि नंतरची गुंतागुंतही कमी होते, असे १९८७ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह दाखवून दिले.

मग रोजच्या टोचण्याचे काय? त्याचे उत्तर औषधाच्या कपाटाबाहेर सापडले. टाचेतून रक्त घेण्याआधी साखरेच्या पाण्याचे थेंब दिलेली बाळे कमी रडतात, असे १९९१ मध्ये अमेरिकेत एलियट ब्लास यांना आढळले. २००० साली बोस्टनमधल्या लॅरी ग्रे यांनी काही बाळांना आईच्या उघड्या छातीशी ठेवले, काहींना पाळण्यात. आईजवळच्या बाळांचे रडणे तब्बल ८२ टक्क्यांनी कमी भरले. पुढे २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेच लसीकरणासाठी सांगितले: लहान मूल आईवडिलांच्या कुशीत असावे, जमल्यास अंगावर पाजतानाच टोचावे, थोड्या मोठ्या मुलाचे लक्ष दुसरीकडे वेधावे आणि सर्वांत दुखणारी लस शेवटी द्यावी.

यात एका पैचाही खर्च नाही. घरी साखरपाणी पाजा, असे मी सुचवत नाही. आईचे दूध आहेच. मला या इतिहासात महत्त्वाचे वाटते ते एवढेच, की उपाय हाताशी होते, पण बाळाला दुखते हे आधी मान्य व्हावे लागले. लसीकरणाच्या रांगेत आजही ‘घट्ट धरा, दोन मिनिटांत गप्प होईल’ असे ऐकू येते. आपली पाळी आली, की परिचारिकाताईंना विचारायला हरकत नाही, ‘ताई, मी याला पाजत असतानाच टोचाल का?’