पेट्झवालच्या लेन्सची किंमत

जुनी लेन्स नवी असताना केवढ्याला मिळायची? हे शोधता शोधता मी थेट १८४० च्या व्हिएन्नात पोचलो. तेव्हाच्या लेन्समधून प्रकाश इतका कमी यायचा, की फोटोसाठी माणसाला कित्येक मिनिटं पुतळ्यासारखं बसावं लागे. योझेफ पेट्झवाल या गणिताच्या प्राध्यापकाने आकडेमोड करून एफ ३.६ ची लेन्स बसवली, आणि काम मिनिटाच्या आत आलं. मदतीला तोफखान्यातले हिशेबात तरबेज सैनिक होते. म्हणजे त्या काळचा सर्व्हरच की, फक्त मिशावाला!

फोइग्टलेंडरने १८४१ मध्ये ती लेन्स लावलेला पितळी कॅमेरा काढला, किंमत १२० गुल्डन. आणि पेट्झवालला? एकरकमी २००० गुल्डन. भागाकार करा: जेमतेम सतरा कॅमेऱ्यांचे पैसे! १८६२ पर्यंत फोइग्टलेंडरच्या ६०,००० लेन्स झाल्या होत्या. पगारावर कोड लिहिणाऱ्या मला हा आकडा जरा टोचलाच.

दोघांचं पुढे कायमचं बिनसलं. दुसरी लेन्स पेट्झवालने मुद्दाम डिट्झलरकडे बनवायला दिली, तर फोइग्टलेंडरने तीही ‘ऑर्थोस्कोप’ म्हणून विकायला काढली.