घराण्यातला कॅन्सर: जनुकीय तपासणीआधी घरी काय तयारी कराल?

"डॉक्टर, आमच्या घराण्यात कॅन्सर आहे, मुलीलाही होईल का?" हा प्रश्न बहुतेक वेळा दवाखान्यातून उठून जाता जाता विचारला जातो. एकूण कॅन्सरपैकी साधारण ५ ते १० टक्केच आनुवंशिक असतात. पण बीआरसीए१ किंवा बीआरसीए२ जनुकात दोष असलेल्या स्त्रीला आयुष्यभरात स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता ६० ते ७० टक्क्यांच्या आसपास असते, अंडाशयाच्या कॅन्सरचीही वाढते. आई किंवा वडिलांमध्ये हा दोष असेल, तर तो प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी.

मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये यासाठी स्वतंत्र कॅन्सर जेनेटिक्स क्लिनिक आहे. कोल्हापुरासारख्या ठिकाणी अशी सोय करायला महागडं यंत्र लागत नाही, रक्ताचा नमुना बाहेर पाठवता येतो. लागतो तो समजावून सांगणारा माणूस, त्याचा वेळ आणि तीन पिढ्यांचा वंशवृक्ष. वंशवृक्षाचं काम तुम्ही घरीच सुरू करा.

कोणाला, कोणत्या अवयवाचा आणि कितव्या वर्षी कॅन्सर झाला ते लिहा. वडिलांकडचे नातेवाईक हमखास राहून जातात. स्तनाचा कॅन्सर आत्याला झाला असेल तर तोही तितकाच महत्त्वाचा. "पोटात पाणी होऊन गेली" असं ज्या आजीबद्दल सांगतात, तिला कदाचित अंडाशयाचा कॅन्सर असेल. "पिशवी काढली" म्हणजे नेमकं काय काढलं, हेही विचारा. जुने बायोप्सीचे कागद टाकू नका. पुरुषाला झालेला स्तनाचा कॅन्सर किंवा पन्नाशीच्या आत झालेला आतड्याचा कॅन्सर असेल तर आवर्जून सांगा.

शक्यतो पहिली तपासणी कॅन्सर झालेल्या व्यक्तीची करावी. तिच्यात दोष सापडला, तर बाकीच्यांना तेवढाच शोधावा लागतो आणि खर्चही कमी येतो. म्हणून रुग्ण हयात असतानाच विचारा. हे बोलायला जड जातं, मान्य आहे. कधी अहवालात "अर्थ अनिश्चित" असा बदल येतो. तेवढ्यावरून शस्त्रक्रियेचा निर्णय घेऊ नका.

दोष सापडणं म्हणजे कॅन्सर झाला असं नाही. स्तनांची एमआरआय तपासणी साधारण पंचविशीपासून सुरू करतात, अंडाशय काढण्याचा विचार मुलं झाल्यावर. मुलीच्या लग्नाची काळजी बहुतेक आई-वडिलांना वाटते. अहवाल गोपनीय असतो. मुलगी सज्ञान झाली की तपासणी करायची की नाही, हे तिलाच ठरवू द्या.