प्रवेशिका क्रमांक १०२६

उन्हाळा आला की आपल्याकडे भारतातून पाहुणे येतात, आणि पाहुणे आले की वॉशिंग्टनची वारी ठरलेली. कॅपिटॉल, व्हाइट हाउसचे कुंपण, एअर अँड स्पेस म्युझियम, लिंकनचा पुतळा आणि परतताना गाडीत दशम्या-चटणी. काही वर्षांपूर्वी माझे सांगलीचे मामा आले होते. मामांचे सारे आयुष्य बांधकामाच्या कंत्राटात गेलेले. लिंकन स्मारकाच्या पायऱ्या उतरून आम्ही डावीकडे व्हिएतनाम स्मारकाकडे वळलो. त्या काळ्या भिंतीपाशी येताच मामांनी दगडावर तळहात टेकला, मान तिरकी करून त्यात स्वतःचे प्रतिबिंब पाहिले आणि म्हणाले, "अरे, हा तर आपल्याकडचा माल. स्वयंपाकघरातल्या ओट्याला बसवतात तो!"

मी हसून सोडून दिले. घरी आल्यावर शोधाशोध केली, तर मामाच बरोबर निघाले. तो काळा ग्रॅनाइट बंगळूरचा. आरशासारखी झिलई येणारा दगड हवा होता. कॅनडा आणि स्वीडनचा ग्रॅनाइट नको, असे ठरले, कारण सैन्यभरती टाळणारी अमेरिकन मुले त्याच देशांत पळून गेली होती. म्हणून दगड भारतातून आला, व्हरमाँटमधल्या बॅरी गावी कापला गेला आणि टेनेसीतल्या मेम्फिसला त्यावर नावे कोरली गेली.

मी वाचत गेलो ते मात्र दगडासाठी नाही. आमची धाकटी तेव्हा आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला होती. मेडिसिन नाही, कॉम्प्युटर नाही, आर्किटेक्चर! तिने निर्णय सांगितला त्यानंतर दोन दिवस आमच्या घरात कोणी मोकळेपणी बोलले नव्हते. मग डायनिंग टेबलवर पुठ्ठ्याच्या इमारती उभ्या राहू लागल्या. आज वाचनालय, पुढच्या महिन्यात नाट्यगृह, त्यानंतर संग्रहालय. रात्र रात्र जागून केलेल्या त्या मॉडेलची चार-पाच प्राध्यापक सर्वांदेखत चिरफाड करतात. त्याला ज्युरी म्हणतात. सत्र संपले की मॉडेल तळघरात. ही इमारत कधीच कोणी बांधणार नाही, हे विद्यार्थ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. अशा असंख्य कागदी इमारतींपैकी एक खरोखरच बांधली गेली, आणि ती अमेरिकेच्या राजधानीत, लिंकन आणि वॉशिंग्टन यांच्या मधोमध. तिची ही हकीकत.

जॅन स्क्रग्ज हा व्हिएतनाममध्ये जखमी होऊन परतलेला साधा सैनिक. मेलेल्या सोबत्यांची नावे कुठेतरी एकत्र लिहिलेली असावीत, या एका ध्यासाने त्याने १९७९ मध्ये निधी सुरू केला. सरकारने १९८० मध्ये जागा दिली. बांधकामाचे ८४ लाख डॉलर लोकवर्गणीतून उभे राहिले. खुली स्पर्धा जाहीर झाली. स्मारक अंतर्मुख करणारे असावे, परिसराशी जुळणारे असावे, त्यावर सर्व मृत आणि बेपत्ता सैनिकांची नावे असावीत, आणि युद्ध बरोबर होते की चूक याबद्दल त्याने काहीही म्हणू नये, अशा अटी होत्या. पहिले बक्षीस २०,००० डॉलर.

१९८०च्या शरद सत्रात येल विद्यापीठात काही विद्यार्थी मृत्यूशी निगडित वास्तूंचा अभ्यास करत होते. थडगी, दफनभूमी, युद्धस्मारके असा विषय. (आपल्याकडे वीरगळ आणि समाध्या गावोगाव असून हा विषय कोणी कॉलेजात शिकवत असेल, असे मला वाटले नव्हते.) त्यांतल्या कोणाला स्पर्धेचे पत्रक दिसले आणि ठरले की सत्राचे शेवटचे काम म्हणून हेच स्मारक करू. त्या वर्गात माया लिन नावाची शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी होती. याआधीच्या एका कामात तिने तिसऱ्या महायुद्धाचे काल्पनिक स्मारक केले होते, आणि ते इतके निराश होते की माझा भाऊ त्या युद्धात गेला असता तर मी इथे पाऊल ठेवले नसते, असे प्राध्यापक म्हणाले. ते ती विसरली नाही. स्मारकाला कोण येणार आणि येऊन काय करणार, हा विचार तिथून सुरू झाला.

थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत ती सोबत्यांबरोबर जागा पाहायला गेली. मोकळी हिरवळ, काही मुले खेळत होती. इथे काही उभारण्याऐवजी जमीनच सुरीने कापावी, असे तिला वाटले. कापलेली कड घासून गुळगुळीत करायची आणि तिच्यावर नावे लिहायची. झाली जखम, आणि वर पुन्हा गवत वाढणार. पहिले मॉडेल म्हणे तिने येलच्या भोजनगृहात कुस्करलेल्या बटाट्यांतून केले.

नावांचे महत्त्व ती रोज पाहत होती. येलच्या एका दालनात युद्धांत गेलेल्या माजी विद्यार्थ्यांची नावे संगमरवरावर कोरलेली आहेत. तिच्या पहिल्या दोन वर्षांत तिथे पाथरवट व्हिएतनामची नावे कोरत होते, आणि जाता-येता त्या अक्षरांवरून बोट फिरवल्याशिवाय तिला राहवत नसे. वर्गात काम सादर करायच्या दिवशीच व्हिन्सेंट स्कली या नामवंत प्राध्यापकांनी फ्रान्समधल्या थीपवाल स्मारकावर व्याख्यान दिले. पहिल्या महायुद्धात ज्यांचे देहही सापडले नाहीत अशा ७२ हजारांहून अधिक सैनिकांची नावे तिथल्या कमानींखाली आहेत. त्याचे वास्तुकार एडविन लुटयेन्स. नाव ओळखीचे वाटले ना? दिल्लीचे इंडिया गेट त्यांचेच, १९३१ मध्ये पुरे झालेले. त्याच्याही भिंतींवर १३ हजारांहून अधिक नावे आहेत. आपण शाळेच्या सहलीत त्या कमानीखाली फोटो काढले, पण वर मान करून एक तरी नाव वाचले का? मी नाही वाचले.

वर्गात या कामाला तिला 'बी' मिळाली. तरी तिने ते स्पर्धेला पाठवले. रेखाचित्रे अगदी साधी, खडूने काढलेली. काळ्या रंगाचा एक कोन, बस्स. चित्रांवरून काही कळणार नाही हे ओळखून तिने सोबत एक टिपण लिहिले. स्मारकाचा आराखडा करायला लागला त्याहून जास्त वेळ ते टिपण लिहायला लागला, असे तिने नंतर सांगितले.

एकूण १,४२१ प्रवेशिका आल्या. त्या मांडायला अँड्र्यूज हवाई तळावरचे विमानांचे हँगर वापरावे लागले. नावे झाकलेली, फक्त क्रमांक. आठ परीक्षकांत वास्तुकार, शिल्पकार, उद्यानरचनाकार होते. आपण ज्या मेट्रोने मॉलवर येतो तिची स्थानके रचणारे हॅरी वीस त्यांत होते, आणि दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाचे म्हणून छावणीत डांबले गेलेले हिदेओ सासाकीही. १ मे १९८१ रोजी त्यांनी एकमताने क्रमांक १०२६ निवडला. इतके भाबडे काही करायला धजावतो म्हणजे तो चांगलाच जाणकार असला पाहिजे, असा एका परीक्षकाचा शेरा होता. 'तो'! पाकीट उघडले तेव्हा आत एकवीस वर्षांच्या मुलीचे नाव निघाले, पदवी हातात यायची होती.

मायाचे आईवडील १९४०च्या दशकाच्या अखेरीस चीनमधून आलेले. वडील कुंभारकलेतले कलावंत, ओहायो विद्यापीठात कलाशाखेचे अधिष्ठाता; आई तिथेच साहित्याची प्राध्यापक आणि कवयित्री. ओहायोतल्या अथेन्स या छोट्या गावात ही मुलगी वाढली. तिच्या वडिलांची सावत्र बहीण लिन ह्वेइयिन. १९२४ मध्ये रवींद्रनाथ चीनला गेले तेव्हा त्यांच्या दुभाष्यांत ती होती, आणि त्यांच्या वाढदिवसाला बीजिंगमध्ये त्यांचे 'चित्रा' नाटक झाले त्यात चित्रांगदेचे काम तिनेच केले. त्याच वर्षी ती आर्किटेक्चर शिकायला पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात आली, तर तिथे त्या शाखेत मुलींना प्रवेश नाही! तिने चित्रकला शाखेत नाव घातले आणि आर्किटेक्चरचे वर्ग केले. पुढे तेच शिकवायला मदतही केली. बीजिंगच्या तिएनआनमेन चौकातल्या हुतात्मा स्तंभाच्या नक्षीत तिचा हात आहे. १९५५ मध्ये ती गेली. आर्किटेक्चरची पदवी त्या विद्यापीठाने तिला दिली ती २०२४ मध्ये. भाचीच्या वेळी परिस्थिती बदलली होती, पण फार नाही. येलने पदवीच्या वर्गांत मुली घेतल्या त्या १९६९ पासून.

पहिल्याच पत्रकार परिषदेत तिला विचारले गेले की युद्ध आशियातले आणि तुम्ही आशियाई वंशाच्या, हे विचित्र नाही वाटत? माझ्या वंशाचा इथे काय संबंध, असे तिने ठणकावले. वंश हा मुद्दा झाला आहे का, हे तिने निधीच्या लोकांना विचारले ते जवळजवळ नऊ महिन्यांनी. झाला होता. व्हिएतनामी शत्रूसाठी सैनिक जी शिवी वापरत तीच तिच्याबद्दल वापरली जात होती, आणि लोकांनी तिच्या कानावर ती येऊ दिली नव्हती. आपली मुले इथे जन्मली, इथलीच झाली, असे आपण म्हणतो. तीही तेच म्हणत होती.

ऑक्टोबर १९८१ मध्ये टॉम कारहार्ट या माजी सैनिकाने ललित कला आयोगापुढे या आराखड्याला लाजेची काळी जखम म्हटले. ते शब्द देशभर गाजले. बाकीची स्मारके पांढरी आणि उंच, आमचेच काळे आणि जमिनीत गाडलेले का, असा सवाल होता. मला विचाराल तर त्या माणसांचा राग मला समजतो. घरी परतल्यावर ज्यांना कोणी हारही घातला नाही, त्यांना कागदावर काळा खड्डा दिसला तर ते चिडणारच. स्पर्धेला पैसे देणारे उद्योगपती रॉस पेरो यांनी मात्र आराखडा करणाऱ्या मुलीचा 'एग रोल' असा उल्लेख केला, आणि तिथे माझी सहानुभूती संपते. जॉर्ज प्राइस या कृष्णवर्णीय जनरलनी १९८२च्या सुरुवातीला एका बैठकीत उठून सांगितले की काळा रंग लाजेचा असतो हे ऐकून मी आता कंटाळलो आहे. सभागृह गप्प झाले.

दुसरा वाद नावांच्या क्रमाचा. माया लिनला नावे मृत्यूच्या तारखेप्रमाणे हवी होती. दोन भिंती जिथे भेटतात तिथे, उजव्या भिंतीच्या माथ्यावर, १९५९ पासून सुरुवात. पूर्व टोकापर्यंत जाऊन पुन्हा पश्चिम टोकाकडून परत कोनात, १९७५ पाशी. युद्धाचा पहिला आणि शेवटचा मृत्यू शेजारी शेजारी. नावे सापडणार कशी, वर्णानुक्रमे लावा, असे अनेकांचे म्हणणे होते. मग यादी तपासली तर स्मिथ आडनावाचेच ६०० हून अधिक निघाले. आपल्या मंडळाच्या डिरेक्टरीत जोशी आणि कुलकर्णी यांची पाने चाळताना आपण कंटाळतो, तिथे आईने आपला मुलगा कसा शोधायचा? क्रम तारखेचाच राहिला. एका दिवशी एकत्र पडलेले त्यामुळे एकत्र आहेत.

तडजोड मात्र करावी लागली. गृहखात्याचे मंत्री जेम्स वॉट यांनी (इथे गृहखाते म्हणजे जमिनी आणि उद्याने सांभाळणारे) परवानगी रोखली. अखेर झेंडा आणि फ्रेडरिक हार्ट यांनी केलेला तीन सैनिकांचा पुतळा घालायचे ठरले. दुसऱ्याच्या चित्रात मिशा काढण्यासारखे हे आहे, असे माया लिन म्हणाली. पुतळा भिंतीच्या बरोबर माथ्यावर नाही, बाजूच्या झाडांजवळ उभा राहिला, एवढे तिने आणि कला आयोगाने मिळवले.

१३ नोव्हेंबर १९८२ रोजी लोकार्पण झाले. प्रत्येक भिंत जवळजवळ २४७ फूट, कोनाजवळ दहा फूट उंच, टोकाला आठ इंचांवर आलेली. एक लिंकनकडे रोखलेली, दुसरी वॉशिंग्टनच्या स्तंभाकडे. त्या दिवशी ५७,९३९ नावे होती. नंतर भर पडत गेली आणि आता ५८,२०० च्या वर आहेत. माया लिन येलला परतली आणि १९८६ मध्ये आर्किटेक्चरची पदव्युत्तर पदवी घेतली. पुढे माँटगोमेरीचे नागरी हक्क स्मारक, न्यूयॉर्कचे चिनी अमेरिकनांचे संग्रहालय अशी कामे झाली, आणि २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामांनी तिला स्वातंत्र्यपदक दिले. आमच्या धाकटीला यातले सगळे आधीच माहीत होते. "बाबा, हे पहिल्या सत्रातच शिकवतात," म्हणाली.

वॉशिंग्टनला जाल तर भिंतीच्या टोकाशी ठेवलेले नावांचे जाडजूड पुस्तक उघडून पाहा. नावापुढे पॅनेल आणि ओळ दिलेली असते. नावाशेजारी हिऱ्याची खूण असेल तर मृत्यू निश्चित, क्रॉस असेल तर माणूस बेपत्ता. मामांबरोबर गेलो तेव्हा एक म्हातारी बाई कोरलेल्या नावावर कागद धरून पेन्सिल घासत होती. वाऱ्याने कागद हलत होता. मामांना इंग्रजी बोलायचा संकोच, पण ते पुढे झाले आणि दोन्ही हातांनी कागदाचे वरचे कोपरे दाबून धरले. नाव पूर्ण उमटेपर्यंत ते तसेच उभे होते.