सेव्ह होत नाही म्हणजे नेमकं काय होत नाही?

मंडळी, कागल आणि हातकणंगले या दोन तालुक्यांत पसरलेल्या पंचतारांकित वसाहतीत आज आपण जमलो आहोत. समोर बसलेल्यांपैकी बरेच जण सीएनसीवर काम करतात, हे आम्हाला माहीत आहे. म्हणून दाखला तिथलाच घेऊ. मशीनचा प्रोग्राम म्हणजे शेवटी साधी मजकुराची फाइल. ऑफिसातल्या संगणकावर एडिटरमध्ये उघडली, ऑफसेटचा एक आकडा बदलला, सेव्ह दाबलं. फाइल आहे नेटवर्कवरून माउंट केलेल्या ड्राइव्हवर, आणि एडिटर म्हणतो, परवानगी नाही. गंमत अशी की तीच फाइल वाचता येते. कधी कधी टर्मिनलमधून तिच्या शेवटी एखादी ओळ जोडताही येते. फक्त एडिटरमधून सेव्ह होत नाही. घाईत कुणी खिडकी बंद केली, तर मशीनवर जुनाच आकडा चालतो आणि जॉब रिजेक्ट होतो.

हे असं का होतं, ते समजायला थोडं मागं जावं लागेल.

'माउंट' हा शब्द मुळात अंगमेहनतीचा आहे. मोठ्या संगणकांच्या काळात टेपचं रीळ किंवा चकत्यांचा गठ्ठा ऑपरेटर उचलून यंत्रावर चढवायचा, त्याला माउंट करणं म्हणत. बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी 1969 पासून युनिक्स घडवली. 1971 च्या तिच्या पहिल्या मॅन्युअलमध्येच माउंट ही आज्ञा आहे. कल्पना अशी, की बाहेरून आणलेली चकती आपल्या फोल्डरांच्या झाडाला फांदीसारखी जोडायची. वापरणाऱ्याला सांधा दिसू नये. पण एक सांधा त्यांनी मुद्दाम ठेवला. एका चकतीवरच्या फाइलला दुसऱ्या चकतीवर नाव देता येणार नाही. चकती काढून नेली, तर ते नाव कशाचं उरणार?

दुसरी गोष्ट याहून खोल आहे. युनिक्समध्ये फाइलचं नाव फाइलमध्ये नसतंच. ते फोल्डरमध्ये असतं. फाइल म्हणजे एक क्रमांक आणि त्यामागचा मजकूर. फोल्डर ही नुसती वही, कुठलं नाव कुठल्या क्रमांकाचं एवढं लिहिलेली. मग परवानग्याही दोन झाल्या. मजकूर बदलायचा तर फाइलची परवानगी हवी, नाव बदलायचं तर फोल्डरची. तुमच्या प्लॉटचंच बघा ना. एमआयडीसीची जमीन 95 वर्षांच्या भाडेपट्ट्यानं मिळते. आत लेथ ठेवा नाहीतर व्हीएमसी, तो तुमचा प्रश्न. पण प्लॉट दुसऱ्याच्या नावावर करायचा म्हटलं की महामंडळाची संमती लागते.

आता एडिटर सेव्ह करतो म्हणजे काय करतो? भोळा मार्ग असा, की जुनी फाइल रिकामी करायची आणि नवा मजकूर ओतायचा. मध्येच वीज गेली किंवा केबल निघाली तर अर्धा प्रोग्राम उरतो, शेवटचा एम30 नाही की टक्क्याचं चिन्ह नाही. म्हणून बऱ्याच एडिटरांनी सावध मार्ग धरला. शेजारी तात्पुरती फाइल लिहायची, ती पूर्ण झाली की तिला जुनीचं नाव द्यायचं. हे नाव देणंही पूर्वी एका झटक्यात होत नसे. आधी जुनं नाव पुसा, मग नवं जोडा, आणि मधल्या क्षणी फाइल नावाविना. 1983 च्या 4.2 बीएसडीमध्ये रिनेम ही स्वतंत्र सोय आली तेव्हा ती फट बुजली.

सावधपणाची किंमत मात्र आपण इथं मोजतो. फोल्डर दुसऱ्याच्या मालकीचा असेल, तर तात्पुरती फाइल तिथं तयारच होत नाही. ती वेगळ्या चकतीवर केली, तर रिनेम माउंटचा सांधा ओलांडू शकत नाही. एडिटर म्हणतो सेव्ह झालं नाही, आणि आपण बिचाऱ्या फाइलला दोष देत बसतो.

इथं आम्हाला आमचा जुना विषय आठवल्याशिवाय राहत नाही. प्रत्यभिज्ञेचा वाद. 'तोच हा देवदत्त' असं ओळखता येतं, म्हणून वस्तू टिकून आहे, असं नैयायिक म्हणत. बौद्ध विचारत, कापलेली नखं पुन्हा वाढली की त्यांनाही तीच म्हणता, मग? सावध मार्गानं सेव्ह झालेली फाइल ही अशी वाढलेली नखं आहे. नाव तेच, क्रमांक नवा. या वादात संगणक बौद्धांच्या बाजूनं आहे, असं आमचं मत. असो.

नेटवर्क आल्यावर गुंता वाढला. सन कंपनीनं 1984 मध्ये एनएफएस आणलं. त्याच्या मूळ पद्धतीत माणूस नावानं नाही, आकड्यानं ओळखला जातो. जुन्या रेड हॅटवर पहिला वापरकर्ता 500, उबुंटूवर 1000. दोन्हीकडे नाव एकच असलं, तरी सर्व्हरच्या लेखी तुम्ही परके. आणि रूट होऊन गेलात तर सर्व्हर सहसा तुम्हाला 'कुणीही नाही' या खात्यात ढकलतो. म्हणजे घरचा राजा तिथं भिकारी.

विंडोजकडची वाट निराळी. तिथला एसएमबी 1983 मध्ये आयबीएममध्ये बॅरी फेगेनबॉम यांनी रचला, आणि अँड्र्यू ट्रिजेल यांच्या सांबानं तो 1992 पासून युनिक्सवाल्यांना मोकळा करून दिला. असा ड्राइव्ह लिनक्सवर माउंट करताना मालक सांगितला नाही, तर बहुधा सगळ्या फाइली रूटच्या दिसतात. पेन ड्राइव्हच्या फॅट पद्धतीत तर मालक ही कल्पनाच नाही.

आणि इथंच लोक 777 मारतात, सगळ्यांना सगळं उघडं. आम्हाला ते आवडत नाही. एक तर फॅटवर ती नोंद ठेवायला जागाच नाही. दुसरं, जिथं ती लागू होते, तिथं उद्या कुणीही ऑफसेट बदलेल आणि कुणी बदलला ते कळणार नाही.

त्यापेक्षा आधी माउंट आज्ञा चालवून ड्राइव्ह फक्त वाचण्यापुरता तर नाही ना, ते पाहावं. विंडोज 8 पासूनच्या जलद सुरुवातीमुळं तिथली डिस्क अर्धवट झोपलेली असते, आणि लिनक्स तिच्यावर लिहायला नकार देतो. विंडोज पूर्ण बंद केली की काम भागतं. मग त्याच फोल्डरमध्ये एक रिकामी फाइल करून बघावी. ती झाली नाही तर प्रश्न फोल्डरचा. मालकाचा आकडा जुळत नसेल तर तो माउंटच्या ओळीतच, यूआयडी म्हणून लिहावा. एनएफएसवर तशी सोय नाही, तिथं दोन्हीकडचे आकडेच जुळवावे लागतात. आणि फोल्डर खरंच दुसऱ्याचा असेल, तर व्हिममध्ये 'बॅकअपकॉपी' नावाची सेटिंग आहे. ती 'येस' केली की व्हिम आधी जुन्याची प्रत ठेवतो आणि मूळ फाइलमध्येच लिहितो, क्रमांक बदलत नाही. मात्र तेव्हा केबलकडे लक्ष ठेवा.